मोहरीसारखं दिसतंय म्हणून स्टॅनलेयाची भाजी करू नका

ताई, तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या युटामध्ये ग्रीन रिव्हरकडून मोॲबला जाताना रस्त्याकडेला जे छातीएवढं उंच, पिवळ्या तुऱ्यांचं झुडूप दिसलं ते मोहरीच्या कुळातलं आहे का, आणि सासूबाई म्हणतायत तसा त्याचा कोवळा पाला खुडून भाजी केली तर चालेल का. पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं नाही, अजिबात नाही, आणि कारण जरा सविस्तर सांगतो कारण मुळा, कोबी, अळीव सगळं खाल्लेल्या माणसाला "या कुळातलं काही विषारी नसतं" असंच वाटतं.

तुम्ही पाठवलेल्या फोटोतलं झुडूप स्टॅनलेया पिन्नाटा आहे, तिकडे प्रिन्सेस प्लूम (prince's plume, म्हणजे राजपुत्राचा तुरा) म्हणतात. बुंधा लाकडी, पानं राखाडी-हिरवी, खालची पानं फाटल्यासारखी कातरलेली. फुलाला मोहरीसारख्याच चार पाकळ्या, पण मोहरीत सहा पुंकेसरांपैकी चार लांब आणि दोन आखूड असतात, इथे सहाही जवळपास सारखे आणि पाकळ्यांच्या बाहेर लांब आलेले, म्हणून तो तुरा एवढा झुपकेदार दिसतो. फुलं खालून वर उमलत जातात, त्यामुळे खाली बारीक शेंगा लोंबत असतात तेव्हा वर अजून कळ्याच असतात, आणि प्रत्येक शेंगेला आतून स्वतःचा वेगळा लांब देठ असतो. ही खूण पक्की. या प्रजातीत सहा-सात जाती आहेत, सगळ्या अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कोरड्या भागातल्या, अल्बेसेन्सची फुलं पांढरट, इलाटाची पानं न कातरलेली, वगैरे.

आता मुद्दा. तुम्ही गेलात तो राखाडी, भुसभुशीत टेकड्यांचा भाग म्हणजे मॅन्कॉस शेल नावाचा खडक, डायनासोरांच्या काळातल्या समुद्राच्या तळाचा चिखल. त्यात सेलेनियम हे मूलद्रव्य भरपूर असतं. सेलेनियम आणि गंधक रसायनशास्त्रात सख्खे शेजारी, आणि मोहरीचं कूळ गंधकाचं भुकेलं (तो झणका गंधकाच्या संयुगांचाच), त्यामुळे मुळं गंधकाच्या वाटेनेच सेलेनियमही आत घेतात. बाकीची झाडं त्याने आजारी पडतात कारण गंधकाच्या जागी सेलेनियम बसून प्रथिनंच बिघडतात, पण पिन्नाटा त्याचं मिथाइल-सेलेनोसिस्टीन नावाचं संयुग करून टाकते, जे प्रथिनात बसत नाही, आणि मग पानात निवांत साठवत राहते. कोरड्या पानाच्या किलोमागे १००० मिलिग्रॅमच्या वरही जातं.

हिशोब करून बघा. मोठ्या माणसाला दिवसाला ५५ मायक्रोग्रॅम सेलेनियम पुरतं, अमेरिकेत वरची मर्यादा ४०० धरतात. अशा झुडपाच्या एका ग्रॅम सुक्या पानात १००० मायक्रोग्रॅम. शंभर ग्रॅम ओला पाला म्हणजे सुका साधारण दहा ग्रॅम, म्हणजे एका माणसाच्या एका वाढणीत मर्यादेच्या पंचवीसपट.

जास्त सेलेनियमने काय होतं ते आपल्याकडे नुकतंच दिसलं. डिसेंबर २०२४-जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्यातल्या शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस काही दिवसांतच गळून टक्कल पडलं, तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्त, लघवी, केस तपासून सेलेनियम वाढल्याचं सांगितलं आणि रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. अमेरिकेतल्या अशा जमिनींवर चरणाऱ्या घोड्यांची आयाळ-शेपूट झडायची, खूर सुटायचे, आणि त्यामागे सेलेनियम आहे हे १९३० च्या दशकात कळलं.

कुणीतरी सांगेलच की तिथले मूळ रहिवासी, पायूट, शोशोनी वगैरे, ही पानं खायचे. खरंय. पण ते पाला उकळून पाणी फेकायचे, पुन्हा उकळून पुन्हा फेकायचे, आणि त्याचं पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान त्यांच्याकडे होतं. आपल्याकडे ते नाही आणि नुसतं बघून किंवा चव घेऊन पानात किती सेलेनियम आहे ते कळत नाही, म्हणून "दोनदा उकळून घेऊ" हा उपाय प्लीज करू नका. शिवाय नॅशनल पार्कच्या हद्दीत झाडं तोडायला बंदी आहे.

मला या झुडपाबद्दल सगळ्यात जास्त आवडतं ते हे की त्याचं साठवणं नुसतं सहन करणं नाही, ते संरक्षण आहे. कोलोराडोत बघितलंय की जास्त सेलेनियमवाली झुडपं प्रेअरी डॉग (बिळात राहणारे, खारीच्या कुळातले प्राणी) कमी खातात आणि ती जास्त टिकतात. आणि त्यावरही मात करणारा निघालाच, आपल्या कोबी-फ्लॉवरवाल्या शेतकऱ्यांचा जुना वैरी, चौकोनी ठिपक्यांचा पतंग! त्याची एक सेलेनियम पचवणारी जमात याच झुडपावर जगताना सापडली, २००६ मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि त्या अळीवर जगणारी परजीवी गांधीलमाशीसुद्धा तितकीच निवांत.

सासूबाईंना झुडूप एवढं आवडलं असेल तर तुमच्या डेन्व्हरच्या अंगणात जरूर लावा, भाजीसाठी नाही, फुलांसाठी. तिकडच्या देशी झाडांच्या नर्सरीत मिळतं, त्याला सेलेनियमची गरज नसते. मूळ खोल जातं म्हणून एकदा लावलं की हलवू नका, कडक ऊन द्या, पाणी साचू देऊ नका. आणि भाजीला मोहरी वेगळ्या वाफ्यात पेरा, म्हणजे खुडताना पानांची सरमिसळ होणार नाही.