वाचकांचे प्रश्न : पाळणाघराचा खर्च कोणाच्या पगारातून?

प्रश्न : माझी मुलगी चौदा महिन्यांची आहे. चिंचवडच्या एका खासगी कंपनीत हिशेब विभागात मी साडेचार वर्षे नोकरी करते. मूळ वेतन 13,000 रुपये असून हातात 19,500 रुपये येतात. पाळणाघराचे 6,500 आणि ने-आण करणाऱ्या रिक्षाचे 1,800 वजा जाता माझ्याकडे 11,200 रुपये उरतात. एवढ्यासाठी ही ओढाताण कशाला, मुलगी तीन वर्षांची होईपर्यंत घरी राहा, असे यजमान आणि सासूबाई दोघेही म्हणतात. सासूबाईंना गुडघेदुखी असल्याने दिवसभर मुलीला सांभाळणे त्यांना झेपणारे नाही. कंपनीत पाळणाघराविषयी विचारले, तेव्हा "सत्तर माणसांत बायका नऊच आहेत, आपल्याला तो नियम लागू होत नाही," असे सांगण्यात आले. मी काय करावे?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : तुमच्या पत्रात रिक्षाच्या भाड्यापर्यंत सारे आकडे आहेत, मात्र यजमानांचा पगार कोठेही नाही. तो तुम्ही विसरला असाल असे मला वाटत नाही; हिशेबात तो धरायचा असतो, हेच बहुधा घरात कोणाच्या मनात आलेले नाही. घरभाडे, गाडीचा हप्ता, किराणा हे सारे घराचे खर्च म्हणून मांडले जातात आणि पाळणाघर तेवढे आईच्या पगारातून वजा होते. मूल दोघांचे असेल, तर वजाबाकीही दोघांच्या मिळकतीतून व्हायला हवी. यजमानांच्या हातात समजा 34,000 रुपये येत असतील, तर घराची मिळकत 53,500 होते आणि पाळणाघर व रिक्षा मिळून होणारे 8,300 रुपये तिच्या सोळा टक्क्यांच्या आत बसतात. हा भार हलका आहे असे मी म्हणणार नाही. पण "तुझ्या नोकरीतून उरते काय" या प्रश्नापेक्षा हा हिशेब बराच वेगळा आहे.

हातात न येणारे पैसेही याच कागदावर मांडा. भविष्यनिर्वाह निधीत कंपनीचा 12 टक्के वाटा धरला, तर तुमच्या मूळ वेतनावर तो महिना 1,560 रुपये होतो. त्यातला काही भाग निवृत्तिवेतनाच्या खात्यात जातो, पण तोही तुमचाच आहे. ग्रॅच्युइटीसाठी कायम नोकरीत सलग 5 वर्षे पूर्ण व्हावी लागतात. दरवर्षी 15 दिवसांचे वेतन, महिन्याचे 26 दिवस धरून, या रीतीने तुमची पाच वर्षांची रक्कम 37,500 रुपये भरते. तुम्ही आज राजीनामा दिलात, तर अवघ्या सहा महिन्यांसाठी ती हातची जाईल. शिवाय पाळणाघराचा मोठा खर्च मूल शाळेत जाऊ लागेपर्यंतचा असतो, तर मध्ये पडलेल्या खंडामुळे घसरलेले वेतन पुढे कित्येक वर्षे भरून निघत नाही. जन्मभर हिशेब तपासणाऱ्या माणसांनाही घरच्या वहीत ही नोंद करावीशी वाटत नाही, याचे मला नवल वाटते.

आता कंपनीच्या उत्तराविषयी. ते चुकीचे आहे. मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली, त्या वेळी भरपगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली हे सर्वांना ठाऊक असते. परंतु त्याच दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक केली, याची वाच्यता फारशी होत नाही. येथे मोजायचे ते सगळे कर्मचारी, केवळ स्त्रिया नव्हेत. आईला विश्रांतीची वेळ धरून दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता आले पाहिजे आणि या सोयींची माहिती नेमणुकीच्या वेळीच लेखी मिळाली पाहिजे, असेही त्यात म्हटले होते. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पन्नासचीच अट आहे. तुमच्या कंपनीच्या डोक्यात बहुधा 1948 चा कारखाने अधिनियम असावा. त्यात तीसपेक्षा अधिक स्त्री कामगार असतील तरच पाळणाघर, अशी अट होती. त्या अटीची मेख अशी की एकतिसावी बाई कामावर घेतली की मालकाचा खर्च वाढतो, म्हणजे बाईला न घेण्यातच फायदा. सर्व कर्मचारी मोजले की निदान पाळणाघरापुरता तरी हा हिशेब उरत नाही.

मात्र या पाळणाघराचे शुल्क कोणी भरायचे, हे कायद्यात स्पष्ट लिहिलेले नाही, त्यामुळे बोलणी तुम्हालाच करावी लागतील. सत्तर जणांच्या कंपनीने स्वतःचे पाळणाघर काढावे असा आग्रह धरू नका. जवळच्या चांगल्या पाळणाघराशी करार करून शुल्काचा मोठा वाटा कंपनीने उचलावा, अशी लेखी मागणी करा. त्या अर्जावर नऊ बायकांच्याच सह्या घेऊ नका. लहान मुलांचे बाप असलेले सहकारीही सह्या करतील, तर "बायकांची तक्रार" म्हणून तो अर्ज बाजूला सारणे अवघड जाईल.

प्रश्न : आमच्याकडे धुणेभांडी करणाऱ्या ताई पाच घरची कामे करतात. त्यांची नऊ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला सांभाळण्यासाठी आठवड्यातून दोन-तीन दिवस शाळा बुडवते. त्यांना पाळणाघर परवडणार नाही. काही सोय आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ही अडचण महाराष्ट्राने फार पूर्वी ओळखली होती. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केले. आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली आणि त्यातून "अंगणवाडी" हा शब्द रुळला. पुढे कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीने त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, कारण कडेवर भावंड असलेली मुलगी शाळेत यायची, तर भावंडाचीही सोय तेथेच व्हायला हवी होती. देशभर अंगणवाड्या 1975 पासून उघडल्या. पण त्या काही तासच चालतात आणि पाच घरची कामे तेवढ्यात उरकत नाहीत.

केंद्राच्या "पाळणा" योजनेत काही अंगणवाड्यांना जोडून सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी दिवसभराचे पाळणाघर चालते. तुमच्या प्रभागात ते आहे का, हे ताईंच्या वस्तीतील अंगणवाडी सेविकेकडे विचारावे आणि तिला सांगता आले नाही, तर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करावी. ही चौकशी तुम्ही स्वतः करावी, हे बरे. ताईंचा अर्धा दिवस त्या कार्यालयाच्या बाकावर गेला, तर दोन घरची कामे बुडतील. तोवर तुमच्या इमारतीतल्या ज्या तीन-चार घरी त्या काम करतात, त्यांनी मिळून वस्तीतल्या एखाद्या विश्वासू मावशींना त्या बाळासाठी महिन्याला ठरावीक रक्कम द्यावी. ती ताईंच्या पगारातून मात्र कापू नये.

प्रश्न : आमच्या पाळणाघराने शुल्क एकदम हजार रुपयांनी वाढवले. ही लूट नव्हे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : असेलही, पण भांडण्यापूर्वी एकदा दुपारी तीनच्या सुमारास, न कळवता, तेथे जाऊन या. मुले झोपेतून उठण्याची ती वेळ असते. एकाला शी झालेली असते, दुसरे रडत असते, तिसऱ्याला दूध हवे असते. त्या वेळी एका ताईंच्या वाट्याला किती मुले आहेत ते मोजा आणि त्यांना महिन्याला काय मिळते हेही विचारा. वाढवलेले हजार रुपये त्यांच्यापर्यंत पोहोचत असतील, तर ते द्यावेत. पोहोचत नसतील, तर इतर पालकांना बरोबर घेऊन संचालिकांकडे जमाखर्च मागावा.