सिंक मध्येच का बंद पडतं?

फोनवर सिंकथिंग (फोन आणि कॉम्प्युटरवरच्या फाइल्स सारख्या ठेवणारं, म्हणजे सिंक करणारं ॲप) दिवसभर नीट चालतं, पण रात्री एकही फाइल कॉम्प्युटरवर जात नाही. सकाळी फोन उचलला की सगळं एकदम सुरू होतं. ॲप बिघडलंय का?

ॲप ठीक आहे, त्याला डोझ, म्हणजे अँड्रॉइडची बॅटरी वाचवायची सोय, अडवतोय. अँड्रॉइड 6 पासून, म्हणजे 2015 पासून, फोन चार्जरवर नसेल, स्क्रीन बंद असेल आणि तो न हलता पडून असेल, तर ॲप्सचं नेट बंद केलं जातं. मध्ये मध्ये थोडा वेळ मिळतो, पण फोन जितका जास्त वेळ पडून, तितकं दोन वेळांमधलं अंतर वाढतं. सेटिंग्ज, ॲप्स, सिंकथिंग, बॅटरी असं जाऊन 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा. जुन्या फोनवर बॅटरी ऑप्टिमायझेशनच्या यादीत 'डोन्ट ऑप्टिमाइझ'. काही फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट' वेगळं असतं, तेही चालू करा, नाहीतर फोन रीस्टार्ट झाल्यावर ॲप उठतच नाही. व्हिडिओ बरेच असतील तर रात्री फोन सरळ चार्जरला लावा. चार्जिंगवर डोझ लागत नाही.

आणि 'फोर्स स्टॉप' दाबू नका. त्यानंतर तुम्ही हाताने उघडेपर्यंत ॲप पार्श्वभूमीत काहीही करू शकत नाही.

'फक्त घरच्या वायफायवर' असं सेटिंग केलं आणि सिंक थांबलंच.

वायफायचं नाव वाचायला अँड्रॉइडला लोकेशनची परवानगी लागते. ती 'ऑल द टाइम' द्या, नुसती 'ॲप वापरताना' पुरत नाही. फोनचं लोकेशनही चालू हवं. हे नसेल तर ॲपला नावच कळत नाही आणि ते थांबून राहतं.

आयफोनवर वापरून झालं की सिंकचं ॲप वर सरकवून बंद करते. चुकतंय का?

हो. असं बंद केलेलं ॲप तुम्ही पुन्हा उघडेपर्यंत बॅकग्राउंड रिफ्रेशसाठी, म्हणजे मागच्या मागे माहिती ताजी करायला, जागं होत नाही. लो पॉवर मोडमध्येही हे रिफ्रेश बंद असतं.

विंडोजच्या टास्क शेड्यूलरमधून (ठरलेली कामं आपोआप चालवणारी सोय) सिंक लावलंय. लॅपटॉपची वायर काढली की बंद!

त्या टास्कच्या 'कंडिशन्स'मध्ये एसी पॉवरची खूण आधीपासूनच असते, ती काढा. 'सेटिंग्ज'मध्ये 3 दिवसांपेक्षा जास्त चालल्यास थांबवा, अशीही एक खूण असते. ती राहिली, तर चौथ्या दिवशी सिंक मुकाट बंद झालेलं दिसेल.