इंदूरच्या पोलीस दलात आपल्या गे-लेस्बियन सहकाऱ्यांचा गट जमवताना

नोंदणीकृत संघटना काढायच्या फंदात आत्ता पडू नकोस. पोलिसांच्या हक्कांवर निर्बंध घालणाऱ्या 1966 च्या कायद्यानुसार संघटनेला मंजुरी लागते. निव्वळ सामाजिक मेळाव्याला मुभा आहे. चार-पाच जणांचं भेटणं पुरे. बदली-पगाराच्या मागण्या गटात काढल्या की घोडं अडतं.

व्हॉट्सॲप ग्रुप नको: तिथे नंबर दिसतो, आणि ठाण्यात तो प्रत्येकाकडे सेव्ह असतो. सिग्नल ॲपवर नंबर लपव, युजरनेम ठेव, मेसेज आपोआप पुसले जाण्याची मुदत लाव. तरी स्क्रीनशॉट निघतोच, म्हणून नव्या माणसाला आधी दोघांनी प्रत्यक्ष भेटावं, मगच आत घ्यावं. आणि भेट सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊ-बाजारात, ठेवू नकोस, गस्तीवाले चेहरे ओळखतात.

मन फार खचलं तर डॉक्टरकडे नक्की जा, बाळा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात लैंगिक कलावरून भेदभावाला मनाई आहे, गोपनीयतेचा हक्कही आहे.