लॅश लिफ्टचे वळण बसत नसेल तर

लॅश लिफ्टमध्ये, म्हणजे पापण्यांच्या केसांना लोशन लावून वरच्या दिशेने वळवताना, वळण बसले नाही तर लोशनला दोष देण्याआधी पूर्वतयारी तपासा, कारण मस्काऱ्याचा किंवा तेलकट मेकअप रिमूव्हरचा पुसटसा थर राहिला तरी पहिले लोशन पापणीच्या केसात नीट मुरत नाही. हे लोशन केसातील सल्फरचे बंध सैल करते आणि दुसरे लोशन तेच बंध नव्या वळणावर पक्के करते. त्यामुळे पहिले कमी पडले तर वळण येतच नाही आणि दुसरे घाईने पुसले तर आलेले वळण टिकत नाही. उघडलेल्या ट्यूबचा जोर हवेने कमी होतो, म्हणून मी प्रत्येक ट्यूबवर उघडल्याची तारीख लिहून ठेवते.

टोके आकड्यासारखी वळली असतील, तर बहुधा त्या लांबीसाठी रॉड, म्हणजे केस ज्यावर चिकटवून वळवतात तो साचा, लहान पडला आहे. टोके पिंजारल्यासारखी दिसत असतील, तर लोशन टोकांपर्यंत गेले किंवा जास्त वेळ राहिले. ते मुळाकडच्या निम्म्या भागापलीकडे जाऊ देऊ नका आणि बारीक केसांना वेळ कमी द्या.

शिकत असताना मी एकदा कोपऱ्यातले चार-पाच केस एकमेकांवर चढलेले तसेच चिकटवले आणि ते तसेच तिरपे बसले. तेव्हापासून भिंगातून पाहिल्याशिवाय मी लोशनला हात लावत नाही, मग ग्राहक कितीही घाईत असो.

बिघडलेले काम त्याच आठवड्यात पुन्हा करण्याचा मोह टाळा. कोरड्या, ठिसूळ झालेल्या केसांना सहा ते आठ आठवडे द्या, ग्राहकाने पैसे परत मागितले तरी.