‘ला एन’ या फ्रेंच चित्रपटात एवढे काय आहे आणि तो कसा पाहावा?

आपण विचारले आहे की, मात्यू कासोवित्झचा १९९५ सालचा ‘ला एन’ इंग्रजी सबटायटल लावून पाहिला, पण तीन रिकामटेकडी मुले दिवसभर भटकतात आणि एकमेकांशी वचावचा भांडतात याखेरीज त्यात काही दिसले नाही. मग लोक त्याला एवढा थोर का मानतात? ‘रिकामटेकडी’ हाच शब्द २००८ साली मी एका सभागृहात ऐकला होता. तेव्हा मी गप्प बसले आणि ते गप्प बसणे मला आजही टोचते, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

मी फ्रेंच शिकवते. आमच्या शहरातील एका फिल्म सोसायटीने त्या वर्षी हा चित्रपट दाखवायचे ठरवले आणि बऱ्याच सभासदांना इंग्रजी पाट्या झरझर वाचता येत नसल्यामुळे मराठी सबटायटल करण्याचे काम माझ्याकडे आले. शिकवण्या आटोपल्यावर रोज रात्री मी एकेक वाक्य ऐकत, थांबवत, मागे नेऊन पुन्हा ऐकत असे. या कामाला तीन आठवडे लागले. व्हिंझ, युबेर आणि सईद या तीन मुलांचे कितीतरी शब्द मला कोशात सापडत नव्हते, कारण पॅरिसबाहेरच्या वस्त्यांतील मुले व्हेर्लाँ बोलतात. ‘लाँव्हेर’ म्हणजे उलट, आणि त्याचीच अक्षरे उलटी फिरवून ‘व्हेर्लाँ’ हे नाव झाले आहे. त्या बोलीत ‘फाम’ म्हणजे बाई, तिची ‘मेफ’ होते, आणि ‘फ्लिक’ म्हणजे पोलीस, त्याचा ‘केफ’ होतो. हे उमगले तेव्हा मला आमची च-ची भाषा आठवली. पहिले अक्षर शेवटी न्यायचे आणि आरंभी ‘च’ लावायचा, म्हणजे पोलिसाचा ‘चलीसपो’ होतो. मोठ्यांसमोर बसून मोठ्यांना कळू न देता बोलण्याची ती आमची सोय होती. फरक एवढाच की आमची ती भाषा शाळा सुटताना सुटली. या मुलांची मात्र तीच राहती भाषा झाली, कारण बाहेरच्या जगाला आपले बोलणे कळू न देण्याची त्यांची गरज संपलीच नाही.

च-ची भाषा पाटीवर कोणाला वाचता आली नसती, म्हणून मी ‘केफ’ला कुठे ‘मामा’ आणि कुठे ‘पांडू’ केले. शिव्यांना आपल्याकडच्या शिव्या दिल्या. सर्वांत जास्त विचार मी ‘त्यू’ आणि ‘वू’ यांचा, म्हणजे आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’चा केला, कारण माझ्या मते हा चित्रपट या दोन शब्दांवर उभा आहे. सईद पॅरिसच्या रस्त्यावर एका पोलिसाला पत्ता विचारतो आणि परत येऊन मित्रांना थक्क होऊन सांगतो की, इथले पोलीस किती सभ्य आहेत, त्याने मला चक्क अहो-जाहो केले! वीस-एकवीस वर्षांच्या तरुणाला आपल्याच देशाच्या राजधानीत पोलिसाने ‘तुम्ही’ म्हटल्याचे आश्चर्य वाटते, यात त्याचे आजवरचे सगळे आयुष्य आले. पुढे त्याच रात्री युबेर आणि तो पॅरिसच्या पोलिसांच्या तावडीत सापडतात, आणि तिथे एका नवख्या शिकाऊ पोलिसाला समोर बसवून त्यांचा जो छळ होतो, त्यात अहो-जाहो औषधालाही उरत नाही. इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळे नाहीत, म्हणून इंग्रजी पाटीला हे सांगायला दुसरी वाट शोधावी लागते. मराठी माणसाला ते एका शब्दात कळते. अरे-तुरे कोण कोणाला करतो यावरून घराण्यापासून पगारापर्यंत सारे ताडणारी आपली भाषा आहे.

माझी फाइल सोसायटीच्या अध्यक्षांनी तपासायला घेतली. ते वयाने आणि व्यासंगाने मोठे होते. “बाई, आपल्याकडे लोक सहकुटुंब येतात,” असे म्हणून त्यांनी ‘मामा’ काढून सर्वत्र ‘पोलीस अधिकारी’ घातले, शिव्यांच्या जागी ‘मूर्खा’ आणि ‘नालायका’ आणले, आणि गणवेशातील माणूस अरे-तुरे करताना शोभत नाही म्हणून चित्रपटभर प्रत्येक पोलिसाच्या तोंडी ‘तुम्ही’ घातले. मी हरकत घेतली, पण धरून ठेवली नाही.

खेळाच्या दिवशी व्हायचे तेच झाले. सुरुवातीपासून सगळे पोलीस मुलांना ‘तुम्ही’ म्हणत आले होते, त्यामुळे सईदचे ते वाक्य आले तेव्हा त्याला काही अर्थच उरला नव्हता. खुर्च्या वाजू लागल्या, मध्यंतराच्या सुमारास काही मंडळी उठून गेली, आणि नंतरच्या चर्चेत अध्यक्ष म्हणाले की, ज्यांना कामधंदा करायचा नाही अशा रिकामटेकड्या मुलांना दिग्दर्शकाने डोक्यावर घेतले आहे. सभागृहाने माना डोलावल्या. त्यांनी पाहिलेला चित्रपट तसाच होता, कारण आम्हीच तो तसा करून दिला होता.

तेव्हा जे बोलले नाही, ते आता बोलते. ६ एप्रिल १९९३ रोजी पॅरिसच्या अठराव्या विभागातील पोलीस ठाण्यात माकोमे म्बोवोले हा १७ वर्षांचा मुलगा चौकशी चालू असताना पोलिसाने जवळून झाडलेल्या गोळीने मेला, आणि कासोवित्झने त्याच दिवशी ही पटकथा लिहायला घेतली. चित्रपटात वस्तीतील दंगलीला कारण झालेला अब्देल, या तिघांचा मित्र, पोलीस कोठडीतच जखमी होऊन इस्पितळात मरणाशी झुंजतो आहे, आणि दंगलीत हरवलेले एका पोलिसाचे पिस्तूल व्हिंझच्या हाती लागले आहे. अब्देल मेला तर काय, हा प्रश्न सकाळी १० वाजून ३८ मिनिटांपासून दुसऱ्या दिवशी पहाटे ६ वाजून १ मिनिटापर्यंत पडद्यावरच्या घड्याळासोबत सरकत राहतो. याला कथा नाही असे म्हणणाऱ्याने घड्याळाकडे लक्ष दिलेले नाही. आणि ही मुले भटकतात ती आळसाने नव्हे; गच्चीवर बसली तर खाली उतरा, इस्पितळात गेली तर बाहेर व्हा, कलादालनात शिरली तर चालते व्हा. त्यांना बसू दिले जाईल अशी जागा चित्रपटात शोधून पाहा.

ज्याला आमच्या अध्यक्षांनी असे हिणवले, त्याच चित्रपटाचा खास खेळ फ्रान्सचे तेव्हाचे पंतप्रधान आलँ झ्युपे यांनी आपल्या मंत्रिमंडळासाठी लावला होता. कान महोत्सवात उत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला तेव्हा कासोवित्झ २७ वर्षांचा होता. चित्रीकरण शाँतलू-ले-विन्यमधील ला नोए या खऱ्या वस्तीत झाले. आणि तो ‘तू-तुम्ही’चा प्रश्न मी उगाच फुगवून सांगत नाही: पोलिसांनी लोकांशी बोलताना ‘वू’ म्हणावे, हे फ्रान्समध्ये २०१४ पासून लागू झालेल्या पोलिसांच्या आचारसंहितेत लिहावे लागले.

आपल्याला कृष्णधवल चित्रणाचा कंटाळा आला असेल, तर वस्तीतील दृश्ये पुन्हा पाहा. कॅमेरा लांबच लांब न थांबता चालतो, आणि माणसामागची इमारत माणसाइतकीच स्पष्ट दिसते, कारण ती माणसे त्या इमारतींपासून वेगळी काढताच येत नाहीत. पॅरिसला पोचल्यावर मात्र तिघांच्या पाठीमागचे शहर विचित्रपणे अंगावर सरकते आणि धूसर होते. संगीताबद्दल लिहिण्यासारखे बरेच आहे. खिडकीत ध्वनिवर्धक लावून एक मुलगा जुन्या फ्रेंच गायिका एडित पियाफचा आवाज पोलिसांवरच्या रॅप गाण्यात मिसळतो आणि कॅमेरा वस्तीवरून उडत जातो, तेवढे दृश्य तरी चांगले हेडफोन लावून पाहावे.

दोन गोष्टी कबूल करायला हव्यात. या चित्रपटात स्त्रिया जवळजवळ नाहीत. बहीण, आई, आजी दारातून डोकावतात आणि जातात, आणि कलादालनातील दोघींशी मुले जसे बोलतात ते सहानुभूतीने पाहणे मला आजही जमत नाही. दुसरे असे की अध्यक्ष दुष्ट नव्हते. चित्रपटाची डीव्हीडी त्यांनी स्वतःच्या पैशांनी मागवली होती आणि आमच्या शहराला जगाचा सिनेमा त्यांनीच दाखवला. तरीही सबटायटलच्या बाबतीत ते चुकले, आणि मीही चुकले. पात्र ज्या पायरीवर उभे आहे तिथून त्याला उचलून आपल्या दिवाणखान्यात बसवणे म्हणजे भाषांतर नव्हे. घरात लहान मुले असतील तर हा चित्रपट त्यांच्यासमोर लावू नका, इतके पुरे आहे. त्यासाठी सईदची जीभ कापण्याची गरज नाही.

तेव्हा आपण तो पुन्हा पाहाल तर पाट्यांवर फार विसंबू नका. फ्रेंच येत नसले तरी ‘त्यू’ आणि ‘वू’ हे दोन आवाज कानाला सहज ओळखू येतात. कोण कोणाला काय म्हणतो याकडे कान ठेवा आणि पॅरिसमधील त्या पत्ता विचारण्याच्या प्रसंगापाशी थांबा. अध्यक्षांनी बदललेली ती फाइल अजून माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी मी ती उघडली, ‘पोलीस अधिकारी’ खोडून ‘मामा’ जागेवर आणले आणि एकेक ‘तुम्ही’ तपासून जिथे ‘तू’ हवे तिथे ‘तू’ केले. सईदच्या वाक्यात मात्र काही बदलावे लागले नाही.