आजोबांचं सोनेरी घड्याळ आणि डायलवरचं नाव

प्रश्न: आजोबा एका पारशी शेटजींकडे कामाला होते, त्यांच्या घरचं सोनेरी फ्रेंच घड्याळ आमच्याकडे आलंय. वर एक बाई वाद्य घेऊन बसलीय, डायलवर पॅरिसमधलं कुणाचं तरी नाव आहे. बनवणारा तोच का? आणि दिवाळीआधी चिंच-मीठ लावून लख्ख करू का?
एक वाचक, गिरगाव

उत्तर: ताई, चिंच आधी डब्यात परत ठेवा! तांब्या-पितळेच्या भांड्यांना ठीक आहे हो, पण यावर सोन्याचा नुसता पापुद्रा असतो, एकदा घासून गेला की गेला. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, बास. जुन्या पद्धतीत सोनं पाऱ्यात कालवून ब्राँझवर फासायचे आणि तापवायचे, पारा वाफ होऊन उडायचा नि सोनं चिकटून राहायचं, ती वाफ नाकात जाऊन कारागीर बिचारे लवकर मरायचे. १८४०नंतर विजेवर मुलामा द्यायची पद्धत आली. आणि सगळंच सोनेरी ब्राँझ नसतं बरं का, बैठकीच्या तळाला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, टाचणीने हलकेच ओरखडा काढा. पिवळं दिसलं तर ब्राँझ नाहीतर पितळ, राखाडी दिसलं तर जस्ताचं स्वस्तातलं काम.

आता नावाचं. डायलवर बहुतेक वेळा दुकानदाराचं नाव असायचं. बाईची मूर्ती ओतणारा वेगळा, मुलामा देणारा वेगळा आणि आतलं मशीन भलत्याच गावाहून यायचं, उदाहरणार्थ पूर्व फ्रान्समधल्या बोकूर गावातल्या जापी बंधूंच्या कारखान्यातून. म्हणून घड्याळ पाठमोरं करा, मागचं झाकण उघडा, घंटेच्या आड पितळी पाट्यावर गोल शिक्का दिसतो का बघा, टॉर्च लागेल. शिक्क्यात १८५५ असेल तर ते कारखान्याला पदक मिळाल्याचं साल, घड्याळ त्यानंतर कधीचंही असू शकतं, चोर बाजारात मात्र तेच जन्मसाल म्हणून खपवतात. खाली सुटे दोन आकडे असतील, समजा ४ आणि ६, तर ती लंबकाची लांबी, चार जुने फ्रेंच इंच आणि सहा रेषा (रेषा म्हणजे त्या इंचाचा बारावा भाग). मशीनचा नंबर लंबकावरही असला तर लंबक मूळचाच, नंबर जुळत नसेल तर कधीतरी बदललाय.

दुरुस्तीला न्यायचं झालं तर लंबक आधी काढून रुमालात वेगळा गुंडाळा, टॅक्सीच्या एका खड्ड्यातसुद्धा वरची पातळ पोलादी पट्टी तुटते.