उत्क्रांती कुणी डोळ्यांनी पाहिली आहे का, की ‘देवाने सगळे जीव आहेत तसेच घडवले’ हेच खरं?

पाहिली आहे, आणि त्यासाठी जळगाव-धुळ्याच्या कपाशीच्या शेताबाहेरही जावं लागत नाही. बीटी कपाशीला (जिवाणूचं अळीनाशक विष बनवणारं जनुक घातलेल्या कपाशीला) भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली तेव्हा गुलाबी बोंडअळी तिच्यातल्या विषाने मरायची. पण काही अळ्यांत जनुकीय बदलामुळे ते विष आतड्याला चिकटतच नव्हतं. त्या वाचल्या, त्यांचीच पिलावळ वाढली. २००६ मध्ये अशा दोन विषांच्या जनुकांचं वाण आलं, त्यालाही ती पुरून उरली. २०१७ च्या हंगामातली किडकी बोंडं खान्देशात कुणी विसरलेलं नसेल. (विषाने मरणारी साधी अळीही टिकावी म्हणून कडेला बिगर-बीटीच्या ओळी लावायला सांगायचे, त्यामागेही हाच हिशेब. लावायचं कोण, ते सोडा.)

मात्र एवढ्यावरून नवी प्रजाती झाली असं म्हणता येणार नाही. अळी अजून बोंडअळीच आहे. मोठ्या बदलांचा पुरावा जीवाश्मांत आणि डीएनएत आहे. उदाहरणार्थ, माणसाचं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र (पेशीतली डीएनएची गुंडाळी) दोन गुणसूत्रं जुळून बनलेलं आहे. चिंपांझीत ती दोन अजून वेगळीच आहेत, म्हणजे दोघांचा पूर्वज एकच.